प्रात्यक्षिक नसलेले विषय

जुळे सोलापूर
१८ जून २०२५

ती. अण्णा,

नमस्कार. तुमचं पत्र शनिवारी मिळालं. फोनवर तुम्हाला नुसती घरघर ऐकू येते आणि मला ओरडावं लागतं, त्यापेक्षा पत्र बरं. निदान शेजारच्या चेतनाताई येऊन विचारत नाहीत, सासऱ्यांशी कशावरून वाजलं म्हणून.

ओवीच्या दहावीचं काय ठरवलं, असं तुम्ही विचारलंत. ठरवलं आहे. शाळेत घालायची नाही. राजस गेल्यापासून ती घरीच शिकते आहे, सातवीचे शेवटचे दोन महिने, मग आठवी, नववी. आता दहावीला मधेच कुठे शाळा शोधायची? मुक्त विद्यालयाची दहावी करायची. पाच विषय आपण निवडायचे, अभ्यास घरी, असाइनमेंट घरी लिहून पाठवायच्या आणि एप्रिलमध्ये परीक्षा. केंब्रिजचा बोर्डही बघितला होता, पण त्याचं केंद्र पुण्याला, म्हणून तो सोडून दिला. फॉर्म ३१ जुलैपर्यंत भरायचा आहे.

विषय असे काढले आहेत: मराठी, इंग्रजी, सामाजिक शास्त्र, अर्थशास्त्र आणि भारतीय संस्कृती व वारसा. चार संध्याकाळी बसून माहितीपत्रक वाचलं, पेन्सिलने टिकच्या खुणा केल्या. कॉलेजच्या ऑफिसात बारा वर्षं दुसऱ्यांच्या मुलांचे अर्ज तपासले आहेत, त्यामुळे या कामाला मला कुणाची मदत लागत नाही.

पुण्याच्या बायकांचा एक ग्रुप आहे फोनवर, मुलांना घरी शिकवणाऱ्यांचा. त्यांची मुलं शाळेत जात नाहीत म्हणून दिवसभर बाहेर असतात. कुणी मातीची भांडी करतं, कुणी किल्ला चढतं, कुणी बेकरीत जाऊन पाव भाजायला शिकतं. आपली शाळेत जात नाही म्हणून घरात असते. मी ग्रुपवर काही लिहीत नाही, फक्त वाचते.

बाकी ठीक. हे शनिवारी टेंभुर्णीहून येतात आणि रविवारी संध्याकाळी परत जातात. कारखान्याचा हंगाम नसला तरी ऑफिस चालूच असतं. आमचं भांडण नाही, बोलणंही फारसं नाही. मी कशी आहे असं तुम्ही दर पत्रात विचारता. मला काही वाटत नाही, अण्णा. सकाळी ओवीचं वेळापत्रक फळ्यावर लिहिते, संध्याकाळी पुसते. मधला दिवस जातो.

दुर्गा


करमाळा
२५ जून २०२५

चि. दुर्गा,

आशीर्वाद. पत्र पोचलं. अक्षर अजून ऑफिसातल्यासारखं आहे, वाचायला चष्मा पुसावा लागला नाही.

आता विषयांबद्दल. चौतीस वर्षं शाळेत घालवली, त्यातली अकरा मुख्याध्यापकाच्या खुर्चीत, तेव्हा दोन शब्द ऐकावे लागतील. यादीत गणित का नाही? मी दर पंधरवड्याला ओवीला पोस्टाने दहा गणितं पाठवतो. ती दहाही सोडवून पाठवते, आणि वर अकरावं स्वतःचं घालते मला अडकवायला. गेल्या महिन्यातलं तिचं गणित मला दोन दिवस सुटलं नाही. नळाचं आणि हौदाचंच होतं, पण हौदाला तिने भोक पाडून ठेवलं होतं. अशा मुलीच्या यादीत गणित नाही आणि संस्कृती व वारसा आहे, हे मला पटत नाही.

मला वाटतं तुझी अडचण वेगळी आहे. तू कलाशाखेची. दहावीचं गणित आणि विज्ञान आपल्याला शिकवता येणार नाही अशी धास्ती तू घेतली असशील. त्यात कमीपणा नाही. गणित मी पोस्टाने शिकवीन. विज्ञानाला जुळे सोलापुरात एखादे निवृत्त मास्तर मिळतीलच, आमच्या जातीचे लोक सगळीकडे रिकामे बसलेले असतात.

दुसरं म्हणजे, सतरा नंबरचा फॉर्म भरून आपल्या राज्याच्या बोर्डाचीच दहावी बाहेरून देता येते. माझ्या शाळेतून तो भरता येईल, हेडमास्तर माझा विद्यार्थी आहे. परीक्षेपुरती ती इथे राहील. त्या निमित्ताने तुम्ही दोघी याल. अडीच वर्षांत तुझं पाऊल करमाळ्याला लागलेलं नाही. गोजरबाई काल भाकरी थापता थापता म्हणाली, "मास्तर, सूनबाई लई दिवसांत आल्या न्हाईत की. काय चुकलं व्हय आपलं?" मी म्हटलं, चुकलं काही नाही, काम असतं. ती मान हलवून पुढची भाकरी थापायला लागली. माझं काही ती खरं मानत नाही.

तुझा
अण्णा


जुळे सोलापूर
२ जुलै २०२५

ती. अण्णा,

नमस्कार. गणित नको. ओवी गणिताला कंटाळली आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती सांगत नाही, तुमची दहा गणितं कशीबशी संपवते. विज्ञानाचीही तिला आवड नाही. मी तिला यादी दाखवली, ती "चालेल" म्हणाली. तिच्या मनाविरुद्ध काही चाललेलं नाही.

सतरा नंबरचा फॉर्म मी ऑफिसात असताना शेकड्यांनी बघितला आहे. त्यात शाळेत जाऊन तोंडी परीक्षा द्याव्या लागतात, अंतर्गत गुण असतात, चार खेपा होतात. करमाळ्याला येणं आत्ता जमणार नाही. गोजरबाईंना सांगा, त्यांचं काही चुकलेलं नाही.

निवृत्त मास्तरही नको. घरी कुणी आलेलं आता सोसत नाही. परवा गॅसवाला आला तर दार उघडून मी त्याच्याकडे बघतच राहिले, त्याला आत घ्यायचं असतं हे लक्षातच येईना.

ओवीची तब्येत चांगली आहे. वजन थोडं वाढलं आहे. अभ्यास करते, टीव्ही फारसा बघत नाही, उलट बोलत नाही. चौदा वर्षांची मुलगी उलट बोलत नाही, म्हणून चेतनाताई माझं कौतुक करतात.

दुर्गा


जुळे सोलापूर
९ जुलै २०२५

प्रिय आजोबा,

तुमचं कार्ड मिळालं. "तू गणिताला कंटाळलीस असं कळतं, तरी पुढची दहा पाठवायची की थांबवायची ते कळव," असं तुम्ही लिहिलंय. मी कंटाळलेले नाही. पाठवा. मला दिवसभरात तेवढंच एक असं असतं की ते सुटेल की नाही हे आधी माहीत नसतं. हे पत्र मी बाबांकडे दिलंय, ते टेंभुर्णीहून टाकतील. बाबा काही विचारत नाहीत. आईला सांगू नका.

आई खोटं बोलत नाही, म्हणजे मुद्दाम नाही. तिने मला यादी दाखवली आणि मी "चालेल" म्हटलं, ते खरं आहे. मी सगळ्यालाच चालेल म्हणते. नाही म्हटलं की ती रागावत नाही, ती फक्त काम करत करत थांबते. हातात लाटणं असतं आणि ती थांबलेली असते. मग मला वाटतं, चालेल म्हटलेलं बरं.

आजोबा, तुम्हाला एक विचारू का? दादाचं नाव घरात कुणी घेत नाही. फोटो आहे हॉलमध्ये, त्याला हार आहे, पण आम्ही त्याच्याकडे बघत नाही. मी कधीकधी मुद्दाम रडायचा प्रयत्न करते. बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर उभी राहते आणि त्याचं हसणं आठवते. रडू येत नाही. माझ्यात काही बिघडलंय का? सृष्टी म्हणून माझी मैत्रीण होती, ती सुरुवातीला फोन करायची. तिला वाटलं मी बोलत नाही. मी बोलत होते, पण मला सांगण्यासारखं काही नसायचं.

मला विज्ञान घ्यायचंय. दादाची केमिस्ट्रीची वही माझ्याकडे आहे, तिच्यात लिहिलंय की थेंब थेंब टाकत राहायचं आणि एका थेंबाला सगळ्याचा रंग बदलतो. ते मला खरं बघायचंय. माहितीपत्रकातलं विषयांचं पान सोबत पाठवते. झेरॉक्स आहे, आईने केलेल्या टिकच्या खुणा त्यात उमटल्यात. तुम्ही बघून सांगा की मी पाच कुठले घेऊ शकते.

तुमची ओवी

अकरावं गणित मागच्या बाजूला आहे. या वेळी हौद नाही.


करमाळा
१५ जुलै २०२५

चि. दुर्गा,

आशीर्वाद. विषयांचं पान मी ओवीकडून मागवून घेतलं, तिच्यावर रागावू नकोस.

ते पान मी पट्टी लावून वाचलं, निकालपत्रक वाचायची जुनी सवय. विषयाचं नाव, लेखी परीक्षेचे गुण आणि तिसरा रकाना प्रात्यक्षिकाचा. विज्ञानाला प्रात्यक्षिक आहे. गृहविज्ञानाला आहे. चित्रकलेला तर बरंचसं तेच आहे. गणितालासुद्धा तिथे पंधरा गुणांचं का होईना, प्रात्यक्षिक ठेवलंय. तू टिक केलेल्या पाचही विषयांपुढे त्या रकान्यात आडवी रेघ आहे. पाचाच्या पाच. मी दोनदा पट्टी फिरवली.

दुर्गा, तू विषय बघितलेच नाहीस. तो एकच रकाना बघितलास. प्रात्यक्षिक असलं की मुलीला अभ्यास केंद्रावर जावं लागतं, पाच-सात दिवस, सोलापूरच्या रस्त्यावरून. राजस त्या दिवशी फिजिक्सच्या प्रात्यक्षिकाला निघाला होता. सहा फेब्रुवारी, सोमवार. मी विसरलेलो नाही.

आणि मी तुला गणित येत नसेल म्हणून समजावत बसलो. माझी मलाच लाज वाटली.

पण हे बरोबर नाही, हे तुला सांगणं माझं काम आहे. अकरावीला तिला विज्ञान शाखा घ्यायची असेल तर आज भरलेल्या फॉर्मने ते दार बंद होतं. तिच्या डोक्याला जे येतं ते तिला करू दे. गणित आणि विज्ञान घाल, दोन विषय काढ. भीतीने निवडलेले विषय तिने जन्मभर का ओढायचे? कधीतरी तिला बाहेर पाठवावीच लागेल, ते दहावीच्या निमित्ताने होऊ दे.

अण्णा


जुळे सोलापूर
२० जुलै २०२५

अण्णा,

होय. मी तो रकाना बघितला. पहिल्या संध्याकाळी तोच बघितला आणि उरलेल्या तीन संध्याकाळी ज्यांच्यापुढे रेघ होती त्यांतून पाच बरे दिसतील असे जुळवले. पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा तसंच करीन.

तुम्ही सगळं लिहिलंत, तारीखवार लिहिलंत. एक लिहायचं राहिलं, ते मी लिहिते.

राजसचे कपडे आणि वस्तू आम्हाला एका पिशवीत मिळाल्या. शर्टाच्या खिशात तुमचं कार्ड होतं. "प्रात्यक्षिकाला अर्धा तास आधी पोहोचावे. उपकरणे नजरेखालून घालावीत. उशिरा येणारा विद्यार्थी मनाने आधीच नापास झालेला असतो." प्रत्येक परीक्षेच्या आधी दोन्ही मुलांना तुमचं कार्ड यायचं, तसं तेही आलं, आदल्या शनिवारी. तो साडेनवाला निघणार होता. सकाळी आंघोळ करून आला आणि म्हणाला, आई, आजोबा म्हणतात अर्धा तास आधी, मी नऊलाच निघतो. मी म्हटलं, पोहे तरी खा. तो उभ्याने खाऊन गेला. नऊ वाजून अकरा मिनिटांनी तो ट्रक त्या चौकात होता. साडेनवाच्या सुमाराला नव्हता.

ते कार्ड मी कुणालाही दाखवलं नाही, यांनाही नाही. तुम्हालाही दाखवणार नव्हते. मी तुमच्यावर रागावले आहे, अण्णा, अडीच वर्षं रोज. म्हणून मी करमाळ्याला येत नाही, काम वगैरे काही नसतं. पत्रं मी लिहिते, कारण ती न लिहिण्याचं कारण मला यांना सांगावं लागलं असतं.

तेव्हा मुलीला बाहेर कधी पाठवायची, ते तुम्ही मला शिकवू नका.

दुर्गा


करमाळा
२५ जुलै २०२५

चि. दुर्गा,

कार्ड मिळालं होतं हे मला आज कळलं.

मला वाटायचं, नसेल मिळालं. कार्ड मी गुरुवारी टाकलं होतं. मधे रविवार, कदाचित सोमवारी दुपारी पोहोचलं असेल, असा हिशेब मी मनाशी करून ठेवला होता. तुम्हाला विचारायची हिंमत झाली नाही. पोस्टात जाऊन कार्डाला किती दिवस लागतात ते विचारणार होतो, तेही विचारलं नाही. त्यानंतर मी ओवीला गणितं पाठवली, पण परीक्षेच्या सूचनांचं कार्ड कुणालाच लिहिलं नाही.

आता दुसरं सांगतो. मला फोनवर घरघर ऐकू येत नाही. अभिमन्यूने टेंभुर्णीहून आणून दिलेलं कानाचं यंत्र चांगलं आहे, फोन स्पष्ट ऐकू येतो. गोजरबाई अंगणातून पुटपुटते तेही ऐकू येतं, आणि ती बरंच पुटपुटते. तू एखाद दिवशी फोनवर त्या कार्डाबद्दल विचारशील आणि मला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागेल, या भीतीने मी बहिरा झालो. पत्रात विचारलंस तर निदान उत्तराला चार दिवस मिळतील असं वाटलं. चार दिवस मिळाले. उत्तर काही सापडलं नाही.

मी ते लिहिलं होतं. तो माझ्या सांगण्याने लवकर निघाला. यात मला काही म्हणायचं नाही. माझ्यावर राग धर, मी असेपर्यंत धर, तो माझा आहे. पण त्याची शिक्षा पोरीला होते आहे. तिने काही केलेलं नाही. ती फक्त मागे राहिली.

तिला काय घालायचं, काय नाही, ते मी सांगणार नाही. सांगायचा अधिकार मला राहिलेला नाही.

अण्णा


जुळे सोलापूर
३१ जुलै २०२५

ती. अण्णा,

फॉर्म भरला. आज शेवटचा दिवस होता.

तुमचं पत्र सोमवारी आलं. दोनदा वाचलं. मला वाटलं होतं, तुम्ही कबूल केलंत की मला काहीतरी होईल, निदान खूप रडू येईल. काही झालं नाही. पत्र घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवलं आणि कुकर लावला. तुमच्यावरचा राग मी शोधला, तर तो जागेवर नव्हता. त्याच्या जागी दुसरंही काही आलेलं नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, आहे तसं सांगते.

दुपारी चारला कॉम्प्युटर लावला. नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो, सगळं पटापट भरलं, हाताला सवय आहे. विषयांपाशी आल्यावर हात चालेना. शेजारी ओवी बसली होती. तिच्याकडे न बघता मी म्हटलं, तुला काय पाहिजे ते तू भर. आणि उठून स्वयंपाकघरात गेले. पीठ मळलं. दोघींना सहा पोळ्या पुरतात, मी वीस लाटल्या. शेवटची तव्यावर असताना तिने हाक मारली, आई, झालं.

मी बघितलं नाही. पैसे भरून झाल्यावर प्रिंट काढली तेव्हा बघावंच लागलं. मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, चित्रकला. पाचातल्या तीन विषयांना प्रात्यक्षिक आहे. चित्रकला तुम्हीही सांगितली नव्हती. ती तिला आवडते हे मला माहीत नव्हतं. अडीच वर्षं चोवीस तास मी तिच्या समोर आहे.

फोन करू नका. ऐकू येतं हे कळलं, तरी करू नका. पत्रच लिहा.

दुर्गा


जुळे सोलापूर
१४ डिसेंबर २०२५

प्रिय आजोबा,

विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांच्या तारखा आल्या. ५ जानेवारीपासून सहा दिवस, दहा ते एक. केंद्र सात रस्त्याजवळच्या एका शाळेत आहे.

आईने स्कूटीवरून मला तिथे तीनदा नेऊन आणलं, नुसतं बघायला. प्रत्येक वेळी वेगळ्या रस्त्याने. मग घरी येऊन कागदावर लिहिलं, कुठल्या रस्त्यात किती चौक. त्या चौकातून जात नाही असा एकच रस्ता आहे आणि तो सगळ्यात लांबचा आहे. काल तिने केंद्रावरच्या सरांना विचारलं, पालकांना प्रयोगशाळेत बसता येईल का. सर म्हणाले, "मॅडम, धाव्वीची पोरं हायती, बालवाडी न्हाय की. सोडा आन् घरला जावा." आईने स्कूटी सुरू केली. मला हसू आलं आणि मग लाज वाटली.

आजोबा, तुम्ही मला सांगितलं होतं ना, की रडू न येणं म्हणजे बिघडणं नव्हे, पण विचारायचं थांबवू नको म्हणून. परवा मी आईला विचारलं, दादाला कुठला प्रयोग आवडायचा. ती म्हणाली, माहीत नाही. मग भाजी चिरता चिरता म्हणाली, "आरशांचा. हॉलभर कवडसे पाडायचा." एवढंच बोलली. पण दादाचं नाव निघाल्यावर तिचा हात थांबला नाही, भाजी चिरत राहिली.

मला भीती वाटते का ते कळत नाही. परीक्षेच्या आधी तुम्ही पूर्वी कार्ड पाठवायचात. या वेळी पाठवाल का?

ओवी


करमाळा
२० डिसेंबर २०२५

चि. ओवी,

अनेक आशीर्वाद. कार्ड मागितलंस म्हणून लिहितो.

किती वाजता निघायचं, किती वाजता पोहोचायचं, याबद्दल या वेळी मी काही लिहीत नाही. ते तू आणि आई ठरवा. काचेची वस्तू फुटली तर लपवू नकोस, सरांना सांग. जे दिसेल ते लिही. पुस्तकात काय दिसायला पाहिजे ते लिहिलेलं असतं, ते बघून उत्तर लिहायचा मोह होतो, तो टाळ. एवढं केलंस तर कमी गुण पडले तरी मला चालतील. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य लिहितो आहे, जपून ठेव.

आजोबा


जुळे सोलापूर
५ जानेवारी २०२६

ती. अण्णा,

नमस्कार. आज पहिला दिवस होता. तुम्ही वाट बघत असाल म्हणून लगेच लिहायला बसले.

आम्ही लांबच्या रस्त्याने गेलो. दहाला दहा कमी असताना पोहोचलो. फाटकाबाहेर मी स्कूटी लावली आणि तिथेच थांबणार होते. बरोबर पाण्याची बाटली आणि वाचायला मासिक घेतलं होतं. ओवी फाटकातून आत गेली, मग परत आली आणि म्हणाली, "आई, तू इथे उभी राहिलीस तर माझं लक्ष खिडकीतच राहील. घरी जा. एकला ये." असं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी स्कूटी वळवली.

घरी आले. साडेदहा झाले होते. घरात मी एकटी असण्याची सवय मोडली आहे. भांडी घासलेली होती, कपडे वाळत होते. तिच्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. घड्याळ समोर ठेवलं होतं, साडेबाराला निघायचं म्हणून. पाय वर घेतले तेवढं आठवतं.

दाराची बेल वाजली तेव्हा मी उठले. घड्याळात दोनला पाच कमी होते. दार उघडलं तर ओवी उभी होती, एकटी, पाठीला सॅक. तिने अर्धा तास वाट बघितली, मग माणशी पैसे घेणाऱ्या सीटच्या रिक्षात बसून जुळे सोलापूरच्या नाक्यावर उतरली आणि चालत आली. रिक्षा नेहमीच्या रस्त्यानेच येते. त्याच चौकातून आली.

म्हणाली, "तू का आली नाहीस?" मी म्हटलं, झोपले होते. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. दारातच सॅक टाकून हसत होती. मला हसू आलं नाही. मी विचार करत होते की साडेदहापासून आत्तापर्यंत तिचं काय झालं असेल हा विचार मी एकदाही केलेला नाही. तिला काही झालं असतं तर मी झोपेत असते.

मग ती जेवायला बसली. भूक लागली होती, सारखी बोलत होती. थेंब टाकताना तिचा पहिला प्रयोग बिघडला, एक थेंब जास्त पडला, तर तिने तसंच लिहिलं, जास्त पडला म्हणून. सर म्हणाले, असं कुणी लिहीत नाही. दुसऱ्यांदा बरोबर आला. शेजारी अंकिता नावाची मुलगी आहे, माढ्याहून येते, रोज तीन तास बसमध्ये. मी भात वाढत होते, मधेच पातेलं खाली ठेवावं लागलं. अण्णा, मला भीती वाटत होती. गेली तीन वर्षं मी हिला घरात ठेवली ती भीतीने, असं तुम्ही लिहिलं होतंत. ते खरं नव्हतं. मला भीतीसुद्धा वाटत नव्हती. मी नुसती दारं लावत होते, दिवे घालवावेत तशी. आज ती धडधाकट माझ्यासमोर बसून वरणभात खात होती आणि मला तिच्यासाठी इतकी भीती वाटली की मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. राजससाठी रडले, तिच्यासाठी रडले, तुमच्यासाठीही थोडं रडले. ओवी उठली नाही. डाव्या हाताने माझा खांदा धरून उजव्या हाताने जेवत राहिली. बरं केलं. ती उठली असती तर मी थांबले असते.

उद्या गणिताचंही काही आहे, तीनपर्यंत थांबावं लागेल. आत्ता ती म्हणाली, मी रिक्षानेच जाते आणि रिक्षानेच येते. मी हो म्हटलं नाही. नकोही म्हणता आलं नाही. डब्याला काय देऊ, एवढं विचारलं.

दुर्गा